विश्लेषण : एंडोस्कोपी गुंगीत की जागेपणी? निर्णयाआधीची भीती कशी आवरायची?

महिनोन्‌महिने छातीत जळजळ, पित्त, घास अडकल्यासारखे वाटणे. अशा तक्रारींवर डॉक्टर 'एकदा दुर्बिणीने तपासून घेऊ' म्हणतात. बारामती किंवा इंदापूरच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन बाहेर पडताना मग आजारापेक्षा वेगळेच प्रश्न छळू लागतात. भूल देणार का? दिली तर जाग येईल ना? नाही दिली तर सहन होईल का? या गोंधळात 'ऊस तुटून गेल्यावर बघू' म्हणत तपासणी पुढे ढकलली जाते. वेळेत कळले असते तर साध्या गोळ्यांवर भागणारा आजारही मग वाढू शकतो. म्हणूनच गुंगीचे पर्याय कोणते, निर्णय कसा घ्यायचा आणि भीतीचे काय करायचे, हे समजून घेऊ.

गुंगी आणि भूल एकच का?

नाही. आपण सगळ्यालाच 'भूल' म्हणतो आणि तिथूनच भीती सुरू होते. दिव्याचे बटण चालू किंवा बंद एवढेच असते. गुंगी मात्र पंख्याच्या रेग्युलेटरसारखी आहे. वैद्यकशास्त्रात तिच्या ४ पायऱ्या मानतात.

- हलकी गुंगी : माणूस जागा असतो, फक्त मन शांत होते.
- मध्यम गुंगी : पेंग येते, पण हाक मारली किंवा हात लावला की प्रतिसाद देतो. श्वास स्वतःचा स्वतः चालतो.
- खोल गुंगी : सहज जाग येत नाही. श्वासावर बारीक लक्ष ठेवावे लागते.
- पूर्ण भूल : शुद्ध नसते. श्वासासाठी बहुधा नळी किंवा यंत्राची मदत लागते.

साध्या एंडोस्कोपीला बहुतेक वेळा पूर्ण भूल लागत नाही. घशात बधिर करणारा स्प्रे किंवा त्यासोबत गुंगीचे इंजेक्शन, एवढ्यावर काम होते.

कोणत्या तपासणीला काय लागते?

जठराची एंडोस्कोपी साधारण ५ ते १० मिनिटांत उरकते. दुर्बीण अन्ननलिकेतून जाते, श्वासनलिकेतून नाही. त्यामुळे उमाळे आले तरी श्वास सुरू राहतो. त्रास दुखण्यापेक्षा उबळीचा जास्त असतो.

मोठ्या आतड्याच्या कोलोनोस्कोपीला जास्त वेळ लागतो. आतड्यात हवा भरल्यामुळे कळा येतात, म्हणून तिथे गुंगी अधिक वापरली जाते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत थेंब टाकून किंवा डोळ्याजवळ इंजेक्शन देऊन फक्त डोळा बधिर करतात. एमआरआयमध्ये दुखत काहीच नाही. अडचण अरुंद बोगदा आणि मोठा आवाज यांची असते. बंद जागेची भीती असेल तर आधीच सांगावे, हलके औषध देता येते.

जागेपणी की गुंगीत, फरक काय पडतो?

जागेपणी केली तर काही मिनिटे त्रास होतो, पण स्प्रेचा असर उतरला की खाता-पिता येते आणि रुग्ण लवकर घरी जाऊ शकतो. खर्चही कमी असतो. गुंगीत त्रास जाणवत नाही किंवा नंतर आठवत नाही. मात्र तासभर किंवा अधिक वेळ निरीक्षणाखाली थांबावे लागते आणि सोबत माणूस लागतोच.

मधला मार्गही आहे. उपाशी राहून आणि सोबत माणूस घेऊन यायचे, हाताला सलाईनची सुई लावून ठेवायची आणि सुरुवात फक्त स्प्रेवर करायची. नाहीच जमले तर गुंगी देता येईल का, हे डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्यायचे. हा पर्याय हाताशी आहे, एवढे माहीत असले तरी अनेकांचे निम्मे दडपण उतरते.

भीती नेमकी कशाची आहे?

'भीती वाटते' एवढेच सांगून डॉक्टरांना मदत करता येत नाही. भीती कशाची, ते सांगा.

'जाग आलीच नाही तर?' मिडाझोलामसारख्या औषधाचा असर उतरवण्यासाठी फ्लुमाझेनिल हे उतारा-औषध आहे. प्रोपोफोलला उतारा नाही, पण त्याचा असर काही मिनिटांत ओसरतो. दोन्हींत खरा धोका श्वास मंदावण्याचा असतो. म्हणून बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात, रक्तदाब तपासत राहतात आणि गरजेप्रमाणे ऑक्सिजन देतात. लक्ष ठेवायला वेगळा प्रशिक्षित माणूस आहे का, हे जरूर विचारावे.

'मध्येच जाग आली तर?' मध्यम गुंगीत आवाज ऐकू येणे अपेक्षितच असते. औषध लागू पडले नाही, असा त्याचा अर्थ नाही.

'गुंगीत काही बोलून गेलो तर?' ही भीती अनेकजण लाजून सांगत नाहीत. तोंडात दुर्बीण असताना बोलणे तसेही जमत नाही आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

काय लपवू नये?

तंबाखू, मिश्री, दारू, झोपेच्या गोळ्या, जोरात घोरणे, दमा, हलणारा दात, कवळी, रक्त पातळ करणारी औषधे, पूर्वी भुलीचा झालेला त्रास. घरच्यांसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांशी एकट्याने बोलायची वेळ मागा. औषधाचा डोस याच माहितीवर ठरतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सकाळी घ्यायचे की नाही, हेही विचारून घ्या.

उपाशी राहण्याचा सर्वसाधारण नियम असा : साधे पाणी २ तास आधीपर्यंत, हलके खाणे ६ तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, त्यालाही ६ तास. तेलकट, जड जेवणानंतर ८ तास. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर तेच पाळा.

बारामती-इंदापूरकरांनी काय लक्षात ठेवावे?

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. तरी भूलतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात, हे जाण्याआधी विचारून घ्यावे.

अनेकजण तपासणीसाठी पुण्याला जातात. बारामतीहून ते अंतर सुमारे १००, तर इंदापूरहून सुमारे १४० किलोमीटर आहे. त्यामुळे परतीचा प्रवास हाही निर्णयाचा भाग आहे. गुंगीनंतर २४ तास दुचाकी, ट्रॅक्टर चालवू नये, कडबाकुट्टीवर काम करू नये, खरेदीखतासारख्या कागदावर सही करू नये. भिगवण किंवा निमगाव केतकीहून एकटेच गाडीवर येणार असाल तर एकतर जागेपणी तपासणी करून घ्या, नाहीतर सोबत माणूस मिळेल तो दिवस ठरवा.

संमतीपत्रावर सही करण्याआधी

उपचाराची माहिती घेऊन संमती देणे हा रुग्णाचा हक्क आहे. एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसरीसाठी आपोआप लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून मराठीत समजावून मागा आणि हे ५ प्रश्न विचारा :

१. मला कोणत्या पायरीची गुंगी देणार?
२. ती कोण देणार आणि लक्ष कोण ठेवणार?
३. माझ्या तब्येतीत कोणता धोका जास्त आहे?
४. जागेपणी करता येईल का?
५. एकूण खर्च किती आणि किती वेळ थांबावे लागेल?

त्या दिवशी मन कसे शांत ठेवायचे?

नाकाने श्वास घेत ४ आकडे मोजा, सोडताना ६. असे ५ मिनिटे करा. घशात दुर्बीण असतानाही नाकाने संथ श्वास घेतला की उबळ आवरायला मदत होते. थांबावे लागले तर आवडीची गाणी किंवा अभंग ऐका. संगीताने शस्त्रक्रियेआधीची भीती कमी होऊ शकते, असे २६ चाचण्यांच्या एका आढाव्यात २०१३ मध्ये दिसले. सूचना कागदावर लिहून घ्या, घाबरलेल्या माणसाला ऐकलेले निम्मे आठवत नाही. झोप उडण्याइतकी भीती असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते.

कधी अजिबात थांबू नये?

गिळताना घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे किंवा रक्त कमी होणे अशी लक्षणे असतील तर तपासणी पुढे ढकलू नका. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच झाले तर थेट रुग्णालय गाठा किंवा १०८ वर फोन करा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. गुंगीबाबतचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.)