आरशांच्या खोलीत प्रकाश कोंडता येतो का?

समजा, सगळीकडे आरसेच असलेल्या बंद खोलीत तुम्ही टॉर्च लावून बंद केलात. प्रकाश आतच फिरत राहील?

नाही. पापणी लवायच्या आत अंधार होईल. घरातला आरसा दर वेळी साधारण १० टक्के प्रकाश शोषतो. आरसे ३ मीटरवर असतील, तर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात प्रकाश १०० वेळा आपटतो. मग उरतं जवळपास शून्य!

तरी पॅरिसमध्ये सर्ज हारोश यांच्या टीमने अतिथंड नायोबियमच्या आरशांमध्ये मायक्रोवेव्हचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा एकच फोटॉन ०.१३ सेकंद टिकवला. तेवढ्यात तो सुमारे ३९,००० किलोमीटर धावला, जवळपास पृथ्वीप्रदक्षिणाच! एरवी मोजताच नष्ट होणारा फोटॉन त्यांनी न मोडता 'पाहिला'. २०१२ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे हारोश एक मानकरी ठरले.

थोडक्यात, प्रकाश अडवता येतो, पण कायमचा नाही.