राहते घर आणि मुलांची नड

ऐन उमेदीत थोडक्या पैशांत घेतलेल्या जागेची किंमत आज कोटींत बोलली जाते, आणि त्याच जागेत राहणाऱ्या वृद्ध मालकाचा महिना मात्र पेन्शनवर जेमतेम निभतो. अशा घरी मुलाला फ्लॅट घ्यायचा असतो किंवा नातीला परदेशी शिकायला जायचे असते. मग कोणी तरी विचारते, "बाबा, या घरावर काही रक्कम उचलता येणार नाही का?" नाही म्हणावे तर मायेला बाध येतो, हो म्हणावे तर म्हातारपणाचा आधार हलतो. म्हणून हा प्रश्न भावनेच्या भरात नव्हे, तर कायदा आणि हिशेब समोर ठेवून सोडविला पाहिजे.

घरात अडकलेला पैसा मोकळा करण्याचे मार्ग मुख्यतः चार. मोठे घर विकून लहान घेणे, हा पहिला. घर तारण ठेवून कर्ज काढणे व ते हप्त्यांनी फेडणे, हा दुसरा. रिव्हर्स मॉर्गेज, म्हणजे उलटे गहाण, हा तिसरा; आणि घरच मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देणे, हा चौथा.

उलट्या गहाणाची योजना आपल्याकडे 2007 साली आली. साठी ओलांडलेल्या मालकाने स्वकष्टार्जित राहते घर बँकेकडे गहाण ठेवावयाचे. बँक त्याला ठरावीक मुदतीपर्यंत नियमित रक्कम देते. हप्ता भरावा लागत नाही. पतिपत्नी हयात असेपर्यंत त्या घरात राहू शकतात. दोघांच्या पश्चात वारसांनी कर्ज फेडून घर सोडवावे, नाही तर बँकेने ते विकून आपले येणे वसूल करावे व उरलेली रक्कम वारसांना द्यावी, अशी ही व्यवस्था आहे. घराच्या विक्रीतून येईल त्याहून अधिक वसुली बँकेस करता येत नाही. ही रक्कम उत्पन्न धरली जात नाही, असा खुलासा 2008 च्या वित्त कायद्याने केला.

परंतु ही योजना आखली गेली ती वृद्धांच्या स्वतःच्या निर्वाहासाठी. एकरकमी पैसा औषधोपचारासारख्या कारणांपुरता व मर्यादेतच मिळतो, आणि सट्टा, व्यापार वा धंदा यांसाठी तो वापरता येत नाही. म्हणजे मुलाच्या दुकानाला भांडवल म्हणून हा मार्ग उपयोगाचा नाही.

शिवाय व्याजाचा हिशेब पाहा. समजा, घरावर 10 लाख रुपये उचलले, दर शेकडा 10, आणि व्याज दरसाल मुद्दलात मिळत गेले. 5 वर्षांनी देणे सुमारे 16 लाख होते, 10 वर्षांनी 26 लाख आणि 15 वर्षांनी जवळजवळ 42 लाख. आज एका मुलाला दिलेले 10 लाख उद्या सर्व भावंडांच्या वाट्यातून चौपटीने वजा होतात. हे सर्वांना आधी सांगितलेले बरे; मागाहून कळले म्हणजे भाऊ भावाशी बोलेनासा होतो.

हप्त्याच्या कर्जात धोका निराळा आहे. हप्ते मुलाने भरावयाचे ठरते. पण त्याची नोकरी गेली तर जप्तीची नोटीस बापाच्या दारावर लागते.

बक्षीसपत्र सर्वांत सोपे दिसते आणि सर्वांत कठीण तेच आहे. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते; स्वीकारलेले बक्षीस सहसा परत घेता येत नाही. ज्येष्ठांच्या निर्वाहाविषयीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 येथे उपयोगी पडते. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. मात्र अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली सांगितले. 2025 च्या एका निकालात त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताकडे पाहून उदारपणे लावला. तरीही उदारतेवर विसंबण्यापेक्षा अट दस्तातच स्पष्ट लिहिणे शहाणपणाचे.

तेव्हा निर्णयापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. पैसे दिल्यावर आपल्यापैकी एक मागे राहिला, तर त्याला, आणि बहुधा तिला, हेच छप्पर राहील काय? मोठे आजारपण आले तर हाताशी काय उरेल? मुलाची नड एकदाची आहे की दरवर्षी उभी राहणारी? आणि इतर मुलांना हे ठाऊक आहे काय?

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर समाधानकारक नसेल, तर नाही म्हणण्यात कठोरपणा नाही. कारण निराधार झालेल्या आईबापांचा भार शेवटी त्याच मुलांवर पडतो. उत्तर समाधानकारक असेल, तर घराला हात लावण्याआधी ठेवीतून झेपेल तेवढे द्यावे. त्याने भागत नसेल, तर मोठे घर विकून लहान घ्यावे आणि उरलेल्या रकमेतील काही भाग द्यावा. कारण त्यात व्याज चढत नाही आणि छप्परही आपल्याच नावे राहते. जे द्यावयाचे ते लेखी द्यावे. कागद केल्याने माया कमी होत नाही. पुढचे गैरसमज मात्र कमी होतात.