गिरनारची काठी

मार्गशीर्ष जवळ आला की बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून दत्तजयंतीबरोबर गिरनारचीही बोलणी सुरू होतात. कोण कितव्यांदा जाणार, रात्री किती वाजता चढावयास लागावयाचे, बरोबर खावयास काय घ्यावयाचे, सारे ठरते. काठीचा विषय मात्र कोणी काढीत नाही. प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरामुळे लाठी ही वस्तू बडोदेकरांस नवी नव्हे. पण डोंगरावर काठी टेकणे म्हणजे वार्धक्याची कबुली, असे आपल्या मनाने घेतले आहे.

आमच्या थोरल्या काकांचेच पाहा. काही वर्षांपूर्वी आम्ही भवनाथच्या तळेटीत उभे होतो. तेथे वेळूच्या काठ्या भाड्याने मिळतात. काकूंनी एक घेतली. मी म्हटले, "काका, तुम्हांलाही घेऊ का एक?" "तुझ्या काकूला दे. माझे दोन पाय शाबूत आहेत." काका चढले, आणि आम्हां सर्वांच्या आधी चढले. पादुकांचे दर्शन घेऊन निघालो तेव्हाही त्यांच्या तोंडावर थकवा नव्हता. परतताना अंबाजीच्या खाली हजारएक पायऱ्या उतरल्यावर त्यांचे गुडघे थरथरू लागले. एका कठड्यावर बसले ते उठेनात. शेवटी डोली करावी लागली. काकू काठी टेकीत डोलीमागून चालत आल्या. तळेटी येईपर्यंत दोघांत एक शब्द झाला नाही.

चढताना दम लागतो म्हणून माणूस थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून तो थांबत नाही, आणि तेथेच फसतो. प्रत्येक पायरीस सारे वजन वाकलेल्या एका गुडघ्यावर येते आणि मांडीचे स्नायू ते तोलून धरता धरता दमून जातात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २५ अंशांच्या उतारावर माणसांस दोन काठ्या देऊन चालविले, तेव्हा गुडघ्यावरील भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. काठी खरी उतरणीसाठीच. चढताना ती तोल सांभाळते आणि पायांचे थोडे काम हातांकडे देते. दम मात्र वाचवीत नाही.

"आता रोपवे आहे की!" असे कोणी म्हणेल. २०२० च्या ऑक्टोबरपासून तो आहे खरा, पण अंबाजीपर्यंतच. सुमारे दहा हजार पायऱ्यांपैकी निम्म्याच त्याने वाचतात. पुढे गोरखनाथाचे शिखर चढावयाचे, तेथून चांगलेच खाली उतरावयाचे आणि दत्तशिखरासाठी पुन्हा चढावयाचे. येताना तेच उलटे. म्हणजे रोपवेने जाणाऱ्याच्याही वाट्यास उतरण दोन्ही वेळा येतेच.

आता निवड. वेळूची काठी घ्यावयाची तर चिरलेली नको, वाकणारी नको, आणि मुठीच्या जागी कूस नको. खाली रबराची टोपी असेल तर उत्तम. हजारो पावलांनी गुळगुळीत झालेल्या दगडावर नुसते लोखंडी टोक घसरते. उंचीने छातीपर्यंत असावी, म्हणजे चढताना खाली धरता येते आणि उतरताना वरून. आजकाल मुले दुकानांतून लांबी कमीजास्त होणाऱ्या काठ्या आणतात. ॲल्युमिनियमची जड, पण जोर पडला तर वाकते. कार्बनची हलकी, पण मोडली तर एकदम मोडते. आमच्यासारख्यांनी ॲल्युमिनियमची घ्यावी. सांधे पिळून आवळावयाच्या काठीपेक्षा बाहेरून खटका दाबून बसणारी बरी. घामेजल्या हातांनी पीळ नीट बसत नाही आणि भर दिला की काठी आत सरकते. सपाटीवर काठी टेकून उभे राहिल्यास कोपर काटकोनात यावे. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसास साधारण ११० ते ११५ सेंटिमीटर होतात. चढताना त्यातून पाच कमी करावे, उतरताना पाच-दहा वाढवावे.

वापरताना बहुतेकांची चूक एकच होते: पाय आधी पडतो आणि काठी मागून येते. उतरताना काठी आधी खालच्या पायरीवर टेकावी, तिच्यावर थोडा भार द्यावा, मग पाऊल. मुठीला पट्टा असेल तर हात खालून वर घालून पट्ट्यासकट मूठ धरावी, म्हणजे भार मनगटावर येतो आणि बोटे आखडत नाहीत. पडण्याचा धोका दिसेल तेथे मात्र हात पट्ट्यातून काढून घ्यावा. दोन काठ्या असल्या तर फारच चांगले. एकच असेल आणि उजवा गुडघा दुखत असेल तर ती डाव्या हातात धरावी. हे ऐकून पुष्कळांस नवल वाटते, कारण दुखत्या बाजूलाच काठी धरण्याची आपली रीत पडली आहे.

आणि पहिला प्रयोग गिरनारवर करू नये. आपला पावागड जवळ आहे. माचीपासून वर कालिकामातेपर्यंत पायऱ्याही आहेत. एका सकाळी चढून-उतरून आले की हात आणि काठी यांचे जमते की नाही ते कळते. काकांना या वेळी आधी तेथेच नेण्याचा आमचा बेत आहे. काकूंनी दोन काठ्या आणून दाराआड ठेवल्या आहेत. काका अजून "बघू" एवढेच म्हणतात. परंतु परवा दुपारी, घरात कोणी नाही असे पाहून, त्यातील एकीशी कोपर लावून ते उभे होते.