मातीविना मिरची आणि जिवाणूंचा पाहुणचार

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गॅलरीतली आठ मिरचीची रोपं चार दिवसांत माना टाकून बसली. पाण्यावर वाढवलेली रोपं ती, माती नावालाही नाही. बादलीचं झाकण उघडलं तर आत गटारासारखा वास, आणि पांढरीशुभ्र मुळं तपकिरी, बुळबुळीत झालेली. नुकती फुलं धरली होती, म्हणून जीव जास्तच हळहळला.

चूक माझीच. रासायनिक खताचं पाणी होतंच. त्यात मी जिवाणू खताची बाटली ओतली आणि जिवाणूंना खायला हवं म्हणून मूठभर गूळ! माहेरी जीवामृतात गूळ घालताना पाहिलेलं ना. पण शेतातली गोष्ट वेगळी, झाकलेल्या बादलीतली वेगळी. गुळावर जिवाणू भराभर वाढले, पाण्यातला प्राणवायू त्यांनीच संपवला, आणि मुळं गुदमरली.

मातीविना शेती हे काही आजचं खूळ नव्हे, बरं का. १९४६ साली डग्लस नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं बंगालात कालिंपाँगच्या बाजूला हे प्रयोग केले आणि १९५१ साली त्यावर पुस्तकही लिहिलं.

आता प्रश्न असा, की पाण्यात सगळी खतं विरघळलेली असताना जिवाणू हवेतच कशाला? ॲझोटोबॅक्टर हवेतला नत्र धरतो खरा, पण आयता नत्र समोर असला की तो ते काम जवळजवळ सोडून देतो. ताटात वाढलेलं असताना चूल कोण पेटवील? स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचंही तेच. इथे स्फुरद आधीच विरघळलेलं. म्हणून 'रासायनिक बंद, नुसतं जिवाणू खत' असं केलं तर रोप उपाशी राहतं. त्यांचा उपयोग दुसरीकडे आहे. काही जिवाणू मुळं वाढवणारी द्रव्यं सोडतात, तर ट्रायकोडर्मासारखी उपकारक बुरशी मूळकुजीला आळा घालते. शिवाय १९:१९:१९ च्या पुडीतला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो, तो मुळांना सोसेल असा व्हायला जिवाणूच लागतात.

या खेपेला मी बादली सोडली आणि धुतलेल्या नारळाच्या भुशाच्या कुंड्या केल्या. जिवाणूंना घर हवं, ते भुशात मिळतं. खालच्या डब्यातून सुती वातीनं पाणी वर चढतं. रोप लावताना मुळं ॲझोस्पिरिलमच्या पातळ पाण्यात अर्धा तास बुडवली. खताचं पाणी आठवड्यानं सुरू केलं, तेही आधी निम्म्या ताकदीचं. पूर्ण मात्रा दहा लिटरला अशी: कॅल्शियम नायट्रेट ७ ग्रॅम, १९:१९:१९ ७ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम, आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं चिमूटभर. कॅल्शियम नायट्रेट मात्र वेगळ्या भांड्यात विरघळवून अगदी शेवटी घालायचं. घट्ट पाणी एकमेकांत मिसळलं, तर ताकासारखं पांढरं होऊन खाली साका बसतो आणि पैसे पाण्यात!

जिवाणू खत दर पंधरवड्याला, मुळाशी भुशावर. डब्यात कधीच नाही, आणि खताच्या घट्ट पाण्यात तर मुळीच नाही; त्या क्षारात जिवाणू मरतात. त्या दिवशी रोपाला साधंच पाणी. नळाचं पाणी रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवावं, म्हणजे क्लोरीन बरंचसं उडून जातं. बाटली विकत घेताना मुदतीची तारीख पाहा. मला आधी मिळालेली बाटली मुदत संपलेली होती. दुकानदार म्हणाला, 'ताई, खताला काय होतंय?' खताला नाही होत, जिवाणूंना होतं!

डब्याला मी जुनी काळी कापडं गुंडाळली आहेत, उजेड लागला की हिरवं शेवाळ धरतं. मध्यंतरी दोन मिरच्यांच्या टोकाला तपकिरी डाग आले. रोग समजून फवारणी करणार होते, पण तो निघाला कॅल्शियमचा तुटवडा. उन्हाच्या तडाख्यात वात सुकली होती, पाणीच वर चढत नव्हतं. वात बदलली, पुढच्या मिरच्या स्वच्छ आल्या.

या वर्षी सहाच रोपं लावली. परवाच्या तोडणीला ओंजळभर मिरच्या निघाल्या. सासूबाईंनी एक मोडून वास घेतला आणि म्हणाल्या, 'पाण्यावरची म्हणे, पण तिखट आहे हो!'