आई-वडील असलेले ‘अनाथ’
हैतीत १२ जानेवारी २०१० रोजी भूकंप झाला. काही दिवसांतच अमेरिकेतल्या आयडाहोमधील बाप्टिस्ट चर्चची मंडळी मुलांना वाचवायला तिथे पोचली. २९ तारखेला त्यांच्यातल्या दहा जणांना डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या सीमेवर अटक झाली. बसमध्ये ३३ मुलं होती आणि त्यांना देशाबाहेर नेण्याची रीतसर कागदपत्रं नव्हती. चौकशीत निघालं ते जास्त जिव्हारी लागणारं आहे : बहुतेकांचे पालक हयात होते. शाळा मिळेल, पोटभर जेवण मिळेल, एवढ्या शब्दावर त्यांनी पोटची लेकरं सोपवली होती.

कंबोडियात हेच सावकाश घडलं. २००५ ते २०१० या काळात तिथली अनाथालयं १५४ वरून २६९ झाली, तीही युद्ध संपल्यावर. परदेशी पाहुणे येत, देणग्या देत. त्या पैशावर संस्था वाढत आणि आई-वडील असलेली गरीब घरांतली मुलं त्यांत दाखल होत. दर पंधरवड्याला नवे पाहुणे, नवी माया, पुन्हा निरोप. लहान जिवाला हे सोसत नाही.

तुमचं चर्च किंवा मंडळ एखाद्या अनाथालयाला अशी भेट आखत असेल, तर आधी विचारा : या मुलांचे आई-वडील कुठे आहेत? शक्य असेल तर तो विमानखर्च त्यांच्या घरी पोचवा.