पितळेवरचा पहिला थर

धातू घासून उघडा केला की हवेतला ऑक्सिजन त्याच्यावर बसायला सेकंदाचाही अवधी घेत नाही. नेहमीच्या हवेच्या दाबाला धातूच्या पृष्ठभागावर इतके रेणू आदळत असतात की तिथल्या प्रत्येक अणूच्या वाट्याला एक रेणू यायला काही नॅनोसेकंद पुरतात. त्यामुळे हवेत ठेवलेले उघडे पितळ प्रत्यक्षात कोणालाच दिसत नाही. दिसते ते पारदर्शक ऑक्साइडखालचे पितळ. हा थर सुरुवातीला कसा तयार होतो हे समजले, की भांडे काळे का पडते, कल्हई का धरते आणि चिंचेने घासल्यावर पितळ तांबूस का होते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

त्यासाठी पंढरपुरासारखे ठिकाण शोधून सापडणार नाही. देवळाच्या परिसरातल्या दुकानांत टाळ, समया, निरांजने, घंटा आणि विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती रचलेल्या असतात. त्यांतल्या काही नुकत्याच बफवर चमकवलेल्या असतात, काही वर्षानुवर्षे फळीवर बसून तपकिरी झालेल्या. वापरातला टाळ नीट पाहिला तर एकाच वस्तूवर ऑक्साइडची वेगवेगळी वये सापडतात. आपटणारी कड उजळ असते, कारण प्रत्येक ठेक्याला तिच्यावरचा थर घासला जातो आणि नवा बसतो. मधला फुगीर भाग काळपट असतो. दोरीच्या भोकाशी घाम आणि मळ साचतो, तिथे कधी हिरवट कडही दिसते.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कासे म्हणजे तांबे आणि कथील. घंटेच्या काशात कथील साधारण पाचवा हिस्सा असते. पितळेत जस्ताचे प्रमाण बहुधा ३० ते ४० टक्के. शुद्ध धातूपेक्षा मिश्रधातूचे ऑक्सिडीभवन गुंतागुंतीचे होते ते इथेच. दोन्ही धातूंना ऑक्सिजनची ओढ सारखी नसते. झिंक ऑक्साइड तयार होताना प्रत्येक मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते, क्युप्रस ऑक्साइडच्या वेळी सुमारे १७०. म्हणून तांबे संख्येने जास्त असूनही जस्ताला झुकते माप मिळते आणि पहिल्या थरात झिंक ऑक्साइडचा वाटा मोठा असतो. पृष्ठभागाजवळचे जस्त असे खर्ची पडले की त्याच्या लगेच खाली तांब्याचे प्रमाण वाढते. वस्तूच्या पोटातले पितळ आणि तिच्या त्वचेतले पितळ यांची घडण पहिल्या काही क्षणांतच वेगळी झालेली असते. या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

हा थर वाढत का राहत नाही, याचा उलगडा निकोलास काब्रेरा आणि नेव्हिल मॉट यांनी १९४९ साली मांडलेल्या सिद्धांताने होतो. धातूतले इलेक्ट्रॉन पातळ ऑक्साइड ओलांडून वरच्या ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात आणि थराच्या दोन बाजूंमध्ये विद्युतदाब तयार होतो. एक नॅनोमीटर जाडीवर एक व्होल्ट म्हणजे सेंटिमीटरमागे एक कोटी व्होल्ट. एवढ्या प्रबळ क्षेत्रात धातूचे आयन थंड असतानाही वर ओढले जातात. थर जाड होतो तसे क्षेत्र क्षीण होते आणि वाढ जवळजवळ थांबते. साध्या तापमानाला कोरड्या हवेत तांब्यावरचा थर काही नॅनोमीटरवरच रेंगाळतो.

इतका पातळ थर मोजायचा कसा? साधी रासायनिक तुला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवते. एक चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर १ नॅनोमीटर जाडीचा क्युप्रस ऑक्साइड बसला तर वजन वाढते सुमारे ६७ नॅनोग्रॅम, म्हणजे तुलेच्या आवाक्याच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. म्हणून इथे क्वार्ट्झच्या कंप पावणाऱ्या चकतीवर धातूचा लेप देतात. सेकंदाला ५० लाख कंपनांची चकती असली तर तेवढ्याच भाराने तिची कंपने सुमारे ४ ने घटतात. दुसरी रीत विद्युतरासायनिक आहे. नमुना द्रावणात बुडवून बारीक प्रवाहाने ऑक्साइडचे पुन्हा धातूत रूपांतर करतात आणि लागलेला विद्युतभार मोजतात. वर सांगितलेल्या १ नॅनोमीटरच्या थराला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ०.८ मिलिकूलोम लागतो. झिंक ऑक्साइड मात्र या रीतीने सहज परत फिरत नाही, म्हणून पितळेच्या बाबतीत हा आकडा जपून वापरावा लागतो.

थरात कोणता धातू कोणत्या रूपात आहे हे क्ष-किरण फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटमिती सांगते. तिचे जनक काय सिगबान यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीत निर्वातात नमुन्यावर क्ष-किरण टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतात आणि ती वरच्या काही नॅनोमीटरचीच बातमी देते. तांबे आणि क्युप्रस ऑक्साइड यांच्या मुख्य रेषा मात्र जवळजवळ एकाच जागी येतात. त्यांच्यातला भेद ऑजर रेषेवरून करावा लागतो.

या सगळ्या यंत्रांपेक्षाही निकाल ठरतो तो नमुना तयार करताना. बफच्या चाकाने वरची त्वचा चुरगळलेली आणि मेणाने माखलेली असते. एमरी कागदाने घासलेली ताठ रेघांची. बाजारातल्या नव्या वस्तूंवर पुष्कळदा लॅकर दिलेले असते, ते आधी काढावे लागते. लॅकर एखाद्या जागी निघाले की तिथे गडद डाग पडतो आणि शेजारचा भाग पिवळा राहतो. तो दोष पितळेचा नसतो.

तापवल्यावर तोच थर डोळ्यांना दिसू लागतो. जाडी साधारण ४० नॅनोमीटरच्या आसपास गेली की परावर्तित प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे तांब्यावर तपकिरी, मग जांभळी, मग निळसर छटा येतात. ऊन भट्टीत वाढीचे गणितही बदलते; तिथे आयनांच्या संथ प्रवासाचा नियम लागू होतो, जो कार्ल वॅग्नर यांनी १९३३ साली मांडला. कल्हईवाल्याचे कसब याच टप्प्यावर दिसते. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकताच पांढरा धूर उठतो, कारण उष्णतेने त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होते आणि हे दुसरे ऑक्साइडला खाते. उघड्या पडलेल्या धातूवर त्याच क्षणी वितळलेले कथील कापसाने फिरवावे लागते. हात क्षणभर मागे राहिला तर ऑक्साइड परततो आणि कथील गोळ्या होऊन घरंगळते.

हवामानाचा हिशेब पंढरपुरात वाऱ्यांवरून मांडता येतो. चैत्रीला हवा तापलेली आणि कोरडी असते. ताजा घासलेला टाळ बराच काळ उजळ राहतो. आषाढीला हवेतली आर्द्रता ६० ते ७० टक्क्यांवर गेली की ऑक्साइडवर पाण्याचे रेणू थराथराने चिकटतात, आणि वारकऱ्याच्या तळव्याच्या घामातले क्लोराइड व लॅक्टिक आम्ल त्यात विरघळते. मग साध्या ऑक्सिडीभवनाच्या जागी गंजण्याची विद्युतरासायनिक क्रिया चालू होते. जस्त आणि तांबे यांच्या प्रमाण विभवांत १.१ व्होल्टचा फरक आहे. ती झीज आधी जस्ताच्याच वाट्याला येते.

चांदीचा काळेपणा मात्र या मालिकेत बसत नाही. चांदी ऑक्सिजनने नव्हे तर हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी काळी पडते.

चिंचेतले टार्टरिक आम्ल तांब्याचे आणि जस्ताचे ऑक्साइड विरघळवते, म्हणून पितळ लखलखते. पण चिंच लावून वस्तू तशीच ठेवली तर उघड्या पितळेतूनही जस्त निघून जाऊ लागते आणि वर तांब्याने समृद्ध, गुलाबी झाक असलेली त्वचा उरते. आम्लाचा अंश मागे राहिला तर नवा थर अधिक लवकर आणि डागाडागांनी येतो. चिंचेने घासलेला टाळ लगेच भरपूर पाण्याने धुवावा, कोरड्या फडक्याने पुसावा आणि ओल्या हाताने पिशवीत टाकू नये.