मानेतली गाठ आणि कापण्याची घाई

पेठ वडगावहून महामार्गाला लागले की थोड्याच वेळात कोल्हापूर येते, आणि हातकणंगलेवरून खाली गेले की जयसिंगपूरमार्गे मिरज. ऑपरेशनच्या बाबतीत हा मुलूख नशीबवान म्हणायला हवा. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचे रुग्णालय उघडले आणि तेव्हापासून मिरजेचे नाव शस्त्रक्रियेशी जोडले गेले. कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालये आहेत, खाजगी रुग्णालये तर गल्लोगल्ली. सोय जवळ असणे चांगलेच. पण सोय जवळ आली की निर्णयही झटपट होऊ लागतात, आणि थायरॉइडच्या गाठीइतके ते दुसरीकडे क्वचितच दिसते. मान दुखते म्हणून किंवा ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये सोनोग्राफी होते, रिपोर्टात थायरॉइडमध्ये गाठ असल्याची एक ओळ येते, घरात कॅन्सर हा शब्द उच्चारला जातो आणि आठवडाभरात ऑपरेशनची तारीख ठरते. माझे म्हणणे असे की या गाठींपैकी बहुतेक कापण्याच्या लायकीच्या नसतात. ज्या असतात त्यांतल्याही बऱ्याच जणींची अर्धीच ग्रंथी काढून भागते. आणि हे ठरवायचे साधन भीती नव्हे, सुईची तपासणी आहे. ‘बऱ्याच जणींची’ म्हटले ते मुद्दाम, कारण हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत तीन-चार पट जास्त.

आधी आकडे पाहू. हाताला लागेल अशी थायरॉइडची गाठ शंभरातल्या चार ते सात प्रौढांना असते. सोनोग्राफीचे यंत्र मात्र कितीतरी जास्त गाठी दाखवते. उतारवयातल्या बायकांच्या माना तपासल्या तर जवळपास निम्म्यांत काही ना काही सापडते. यांतल्या शंभरपैकी पाच ते दहा-पंधरा गाठीच कर्करोगाच्या निघतात, आणि त्यांतही बहुतांश ‘पॅपिलरी’ जातीच्या, म्हणजे अतिशय संथ वाढणाऱ्या. किती संथ, याचा पुरावा फिनलंडच्या शवविच्छेदनांत मिळाला. इतर कारणांनी मेलेल्या माणसांच्या थायरॉइडचे बारीक काप तपासले, तेव्हा तिघांतल्या एकापेक्षा जास्त जणांत पॅपिलरी कर्करोगाचे सूक्ष्म ठिपके आढळले. तो अहवाल १९८५चा. या माणसांना आयुष्यभर त्याची खबरही नव्हती.

दक्षिण कोरियाने हा धडा फार महागात शिकला. तिथे १९९९पासून कर्करोग शोधण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. थायरॉइडची सोनोग्राफी त्या मोहिमेत नव्हती, पण थोडे पैसे जास्त टाकले की रुग्णालये तीही करून देत. २०११पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या नोंदी १९९३च्या पंधरापट झाल्या. एवढे रोगी वेळेत सापडले, एवढ्यांची ऑपरेशने झाली, तर मृत्यू कमी व्हायला हवे होते. ते होते तिथेच राहिले. म्हणजे जे सापडले ते बहुतांशी कधीच जीव घेणार नव्हते. ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे ११ टक्क्यांना मात्र कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींचा बिघाड पदरी पडला आणि दोन टक्क्यांच्या स्वरतंतूंना लकवा झाला. २०१४ साली तिथल्याच डॉक्टरांनी हे उघडपणे मांडले, आणि वर्षभरात ऑपरेशने एक तृतीयांशाहून जास्त घटली. जपानमध्ये कोबे शहरातल्या कुमा रुग्णालयाने उलट वाट धरली होती. १९९३पासून तिथे एक सेंटिमीटरपेक्षा लहान, सुईने सिद्ध झालेल्या कर्करोगाच्या गाठी न कापता फक्त पाळतीवर ठेवायला सुरुवात झाली. अशा १,२३५ रुग्णांच्या अभ्यासात दहा वर्षांत सुमारे आठ टक्क्यांची गाठ वाढली, चार टक्क्यांहून कमी जणांच्या मानेतल्या लसिकाग्रंथींत रोग गेला, आणि थायरॉइड कर्करोगाने कुणीही दगावले नाही. ज्यांचा रोग वाढला त्यांचे ऑपरेशन तेव्हा केले, तेही यशस्वी झाले.

यावर कुणी म्हणेल, ही श्रीमंत देशांची दुखणी आहेत. आपल्याकडे लोक गळ्याला नारळाएवढा गलगंड होईपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाहीत. हे खरेच आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ सालची, तर देशातली पहिली ग्रामीण नोंदणी आपल्याच बार्शीत १९८७ साली सुरू झाली. बार्शीच्या खेड्यांतून थायरॉइड कर्करोगाची नोंद तुरळक, आणि केरळात तिरुवनंतपुरमकडे बायकांमध्ये त्याच्या नोंदी गेल्या दोन दशकांत भराभर चढलेल्या. माणसांत एवढा फरक नाही. फरक तपासण्यांत आहे. म्हणजे एकाच देशात दोन्ही चुका शेजारी शेजारी चालू आहेत: एकीकडे उशीर, दुसरीकडे अति घाई. कोल्हापूर जिल्ह्यात तर त्या एकाच तालुक्यात असू शकतात, कारण डोंगरातली वाडी आणि महामार्गावरचे डायग्नोस्टिक सेंटर यांत तासाभराचेही अंतर नाही. उशिरावरचा उपाय सरसकट सोनोग्राफी हा नव्हे. भराभर वाढणारी गाठ, दगडासारखी टणक गाठ, बसलेला आवाज, गिळताना अडथळा, मानेत बाजूला आलेली दुसरी गाठ, घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग, लहानपणी मानेवर घेतलेले किरण, किंवा रुग्ण लहान मूल असणे, यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नये. बाकीच्यांना विचार करायला वेळ असतो.

हा विचार कशावर करायचा? रक्तातल्या टीएसएचवर नाही. ती तपासणी ग्रंथीचे काम सांगते, गाठीची जात नाही. टीएसएच फार कमी असेल तर गाठ स्वतःच जास्त हार्मोन बनवत असावी असा संशय येतो, आणि अशी गाठ सहसा कर्करोगाची नसते, एवढाच त्याचा उपयोग. गाठ विरघळवण्यासाठी थायरॉइडच्या गोळ्या देण्याची जुनी पद्धतही आता मागे पडली आहे. खरा निकाल देते ती बारीक सुई, जिला रिपोर्टात एफएनएसी म्हणतात. आणि इथेच आपल्याकडचा सर्वांत घट्ट गैरसमज आडवा येतो, ‘गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो.’ थायरॉइडच्या बाबतीत जगभर लाखो वेळा ही तपासणी झाली आहे. सुईच्या वाटेने रोग पसरल्याची उदाहरणे इतकी विरळ आहेत की त्या भीतीपोटी न तपासता ग्रंथी कापणे हा उलटा हिशेब ठरतो. सुईचा रिपोर्ट ‘बेथेस्डा’ पद्धतीने एक ते सहा अशा वर्गांत येतो. दुसरा वर्ग साधी गाठ. तिथे कर्करोग निघण्याचा संभव तीन-चार टक्के. सहावा म्हणजे जवळजवळ खात्री. पहिल्या वर्गाचा अर्थ नमुना पुरेसा आला नाही, सुई पुन्हा लावा, इतकाच. पण लोक तो ‘पहिली स्टेज’ असा वाचून घाबरतात.

सुई सर्वज्ञ आहे असे मी म्हणत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्गांत ती गोंधळते, आणि ‘फॉलिक्युलर’ जातीच्या गाठींपुढे तर हात टेकते. ही गाठ साधी की कर्करोगाची हे पेशींच्या रूपावरून कळतच नाही. गाठीभोवतीचे वेष्टन पेशींनी फोडले आहे का, हे पाहावे लागते आणि त्यासाठी अख्खी गाठ बाहेर काढावी लागते. इथे ऑपरेशन हीच तपासणी असते. त्याला पर्याय नाही, पण त्या वेळीही सहसा एकच बाजू काढतात.

एकच बाजू का, हे समजायला स्वित्झर्लंडचे थिओडोर कोखर आठवावे लागतात. एकोणिसाव्या शतकात थायरॉइडचे ऑपरेशन म्हणजे रक्तस्रावाने मृत्यू, अशी ख्याती होती. बर्नच्या कोखरांनी इतक्या निगुतीने ते केले की मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले. पण पूर्ण ग्रंथी काढलेले त्यांचे रुग्ण पुढे सुजले, मंदावले, मुले असली तर वाढच खुंटली. कोखरांनी १८८३ साली हे स्वतःच जाहीर केले आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणे सोडले. १९०९चे नोबेल त्यांना मिळाले. आज गोळी आहे, त्यामुळे कुणी तसे मंदावत नाही. पण ती रोज सकाळी उपाशीपोटी, मरेपर्यंत घ्यावी लागते. अर्धी ग्रंथी राहिली तर बहुतेकांना गोळीच लागत नाही. शिवाय ग्रंथीच्या मागे आवाजाची नस जाते आणि तांदळाच्या दाण्यासारख्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी चिकटलेल्या असतात. त्या दुखावल्या की कॅल्शियम उतरते, बोटांना मुंग्या येतात, हात वाकडे होतात. एकाच बाजूचे ऑपरेशन केले तर दुसऱ्या बाजूची नस आणि दोन दाणे सुरक्षित राहतात. म्हणूनच एक ते चार सेंटिमीटरच्या, ग्रंथीबाहेर न गेलेल्या पॅपिलरी कर्करोगालाही अर्धी ग्रंथी काढणे पुरू शकते, असे अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१५ साली मान्य केले.

रोग मोठा असेल, लसिकाग्रंथींत किंवा फुफ्फुसात गेला असेल, तर मात्र पूर्ण ग्रंथी काढावीच लागते, कारण त्यानंतर द्यायचे किरणोत्सारी आयोडीन आधी उरलेली थायरॉइडच शोषून घेते. या उपचाराची आपल्याकडची परंपरा मुंबईची आहे. अणुऊर्जा खात्याने १९६३ साली परळला, टाटा मेमोरियलच्या शेजारात, रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे केले आणि तिथे हजारो थायरॉइड रुग्णांना आयोडीन-१३१ मिळाले.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. ‘पाळतीवर ठेवायचे म्हणता, पण ऊसतोडीला जाणारी किंवा गिरणीत राबणारी बाई दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला येणार आहे का?’ अनेक सर्जन प्रामाणिकपणे याच कारणाने कापतात. आक्षेप मला पटतो, निष्कर्ष पटत नाही. जी बाई सोनोग्राफीला येणार नाही, ती पूर्ण ग्रंथी काढल्यावर रोजची गोळी आणि टीएसएच तरी कुठून सांभाळणार? साधी ठरलेली गाठ वर्षा-दोन वर्षांनी एकदा पाहिली तरी चालते. गोळी चुकवून चालत नाही. मुलीच्या गळ्यावरचा व्रण आणि तिचे लग्न, हा मुद्दाही घरात कुजबुजत निघतोच. मुलगी काय म्हणते तेही विचारात घ्यावे. त्या काळजीने गरजेचे ऑपरेशन लांबवू नये, आणि बिनगरजेचा व्रण तर देऊच नये.

तेव्हा तारीख घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. सुईचा रिपोर्ट कोणत्या वर्गाचा आहे? अर्धी काढायची की पूर्ण, आणि का? तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशने करता? तिसरा प्रश्न उद्धट नाही. वर्षाला पंचवीसहून जास्त पूर्ण थायरॉइड काढणाऱ्या सर्जनांच्या हातून गुंतागुंत कमी होते, असे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसले आहे. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तुमचे ऑपरेशन बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि सुई लावलेलीच नसेल, तर आधी तिची मागणी करा.